उभं करून मोजा

माझ्या धाकट्या बहिणीला घरात सगळे मासोळी म्हणतात. पाच वर्षांची असताना ती पोहायला शिकली आणि त्यानंतर तिला पाण्याबाहेर काढणं हेच आमच्या आईचं काम होऊन बसलं. मोठेपणी तिने पोटापाण्यालाही तेच धरलं. शहरातल्या बंदिस्त तलावावर सोळा वर्षं ती लहान मुलांना पोहायला शिकवत होती. काठाला घोरपडीसारखं चिकटून रडणारं पोर ती आठवडाभरात उताणं तरंगायला लावायची.

अशा बाईला एक्केचाळिसाव्या वर्षी कपडे बदलायच्या खोलीपासून तलावापर्यंतच्या बावीस पायऱ्या चढवेनात. मधल्या वळणावर ती कठड्याला धरून थांबायची, आणि थांबून उभं राहिलं तरी दम काही उतरायचा नाही. पाण्यात उतरून आडवी झाली की पाच मिनिटांत सगळं ठीक. हे तिने पहिल्या दिवसापासून, प्रत्येकाला, याच शब्दांत सांगितलं. मी साक्षीदार आहे, कारण फाईल मांडीवर घेऊन शेजारी मीच बसलेली असायचे. तिचा नवरा फ्रिज दुरुस्त करतो, त्याला दिवसा सुट्टी घेणं अवघड. मी शाळेत गणित शिकवते, माझे तास दुपारी संपतात. त्यामुळे मासोळीचं आजारपण माझ्या वाट्याला आलं.

आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांना निदान करायला चार मिनिटं लागली. तलावातलं क्लोरीन. वर्षानुवर्षं ती हवा आत घेतली, दमा झाला. त्यांनी एक फवारा दिला. महिन्याने दुसरा दिला, त्यानंतर तिसरा. तिन्हींनी फरक शून्य. मी त्यांना विचारलं की तलावाच्या हवेने दमा झाला असेल तर तलावातच तिला सगळ्यात बरं कसं वाटतं. ते हसले आणि म्हणाले, "बाई, तुम्ही गणित शिकवता ना? शरीर म्हणजे गणित नाही." मला त्यांच्या टेबलावरचं पेपरवेट उचलावंसं वाटलं.

शेवटी त्यांनी तिला तलाव सोडायला लावला. सोडला. तलावाच्याच लोकांनी तिला तिकीट खिडकीवर बसवलं. तिथे क्लोरीनचा वासही येत नव्हता, आणि तिथे ती जास्त आजारी पडली. आठ तास खुर्चीत ताठ बसून संध्याकाळी घरी यायची तेव्हा ओठ जांभळट झालेले असायचे. घरी येऊन जमिनीवर आडवी झाली की अर्ध्या तासात रंग परत यायचा. आईने याचा तिच्या पद्धतीने अर्थ लावला. कामावर गेली की आजारी, लोळत पडली की बरी. "आमच्या वेळी असले आजार नव्हते," असं ती भाजी निवडता निवडता, कुणाकडे न बघता म्हणायची. मासोळीचा नवरा बिचारा काही बोलायचा नाही, पण एकदा मला बाजूला घेऊन त्याने हळूच विचारलं, "ताई, तिचं तिथे कुणाशी बिनसलंय का?" म्हणजे त्यालाही पटायला लागलं होतं.

मोठ्या रुग्णालयात फुप्फुसांच्या डॉक्टरांची तारीख मिळायला तीन महिने लागले. हे डॉक्टर उंच, नीटनेटके, आणि सतत पुढच्या रुग्णाकडे निघालेले. एक्स-रेमध्ये उजव्या बाजूला खाली एक गोलसर डाग होता. जुन्या न्यूमोनियाचा असेल, असं ते म्हणाले. मासोळीला न्यूमोनिया कधी झालाच नव्हता. कधी कधी कळत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. मग त्यांनी विचारलं, झोपल्यावर दम वाढतो ना? ती म्हणाली, नाही, कमी होतो. ते म्हणाले, नीट आठवा, रात्री उशा किती घेता? ती म्हणाली, एकही नाही. त्यांनी पेन थांबवून तिच्याकडे पाहिलं, परत तोच प्रश्न विचारला, आणि परत तेच उत्तर आल्यावर काहीतरी लिहिलं.

काय लिहिलं ते मी बाहेर बाकावर बसून वाचलं. "रुग्णाने दिलेली माहिती विसंगत. दमा. चिंतेचा घटक. मनोविकार विभागाकडे पाठवावे."

आम्ही तिथेही गेलो. तिथली तरुण डॉक्टर पाऊण तास शांतपणे ऐकत होती. तिने पत्रात स्पष्ट लिहिलं की या बाईंना दम लागतो म्हणून भीती वाटते, भीती वाटते म्हणून दम लागत नाही. मला हायसं वाटलं. पण ते पत्र फाईलमध्ये एक्स-रेच्या मागे जाऊन बसलं आणि कुणी उघडून पाहिलं नाही. त्यानंतर दोन वेळा आम्ही उंच डॉक्टरांकडे गेलो, दोन्ही वेळा त्यांनी झोपल्यावर दम वाढतो ना, असंच विचारलं. दुसऱ्या खेपेला मासोळी उत्तर न देता नुसती भिंतीवरच्या फुप्फुसांच्या चित्राकडे बघत बसली.

घरी येताना ती मला म्हणाली, "ताई, मी आता हो म्हणणार आहे. त्यांना जे हवंय ते सांगते, निदान काहीतरी औषध तरी देतील."

माझाही जीव इतका मेटाकुटीला आला होता की मी तिला अडवलं नाही.

तिने हो म्हणायच्या आधी नळीत फुंकायची तपासणी परत करायची होती. ती तळमजल्यावर, टोकाच्या खोलीत व्हायची. तिथे एक तंत्रज्ञ बाई होत्या. निवृत्तीला वर्षभर राहिलेलं, चष्मा दोरीने गळ्यात, आणि चेहऱ्यावर कायमची आठी. त्या सगळ्यांवरच वैतागलेल्या होत्या. छपाईच्या कागदावर, नळ्या वेळेवर न पाठवणाऱ्या भांडारावर, जोर न लावता फुंकणाऱ्या रुग्णांवर. मासोळीला त्यांनी ताठ बसवून पाच वेळा फुंकायला लावलं. पाचव्या वेळी तिला घेरी आली. बाईंनी वैतागतच तिला बाकावर आडवं केलं, बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावला आणि मागे वळून कागद फाडायला लागल्या.

चिमट्यावरचा आकडा मी पाहत होते. चौऱ्याऐंशी. मग अठ्ठ्याऐंशी. मग एक्क्याण्णव. दोन-तीन मिनिटांत चौऱ्याण्णव झाला. मी बाईंना म्हटलं, हे बघा. त्यांनी बघितलं आणि म्हणाल्या, बिघडलंय. सेल बदलले. तोच आकडा. कपाटातून दुसरा चिमटा काढला. तोच आकडा. शेजारच्या खोलीत जाऊन तिसरा घेऊन आल्या, तोवर मासोळी उठून बसली होती. आता सत्त्याऐंशी. बाईंनी तिला उभं केलं. त्र्याऐंशी. परत आडवं केलं. चौऱ्याण्णव.

हे त्यांनी चार वेळा केलं. नंतर गळ्यातला चष्मा नाकावर चढवून त्या मासोळीला म्हणाल्या, "तुम्ही हे कुणाला सांगितलं नाही का?"

मासोळी आडवी पडल्या पडल्या हसायला लागली. हसता हसता तिच्या डोळ्यांतून पाणी आलं आणि कानात गेलं. तिच्याऐवजी मी सांगितलं. दोन वर्षं, तीन डॉक्टर, सगळं. बाईंनी ऐकून घेतलं. मग त्यांनी छापील तक्ता मला दाखवला. त्यात प्राणवायूसाठी एकच चौकोन होता. रुग्ण बसलाय, उभा आहे की झोपलाय, हे लिहायला जागाच नव्हती. तशी जागा करा, म्हणून त्यांनी अकरा वर्षांत कितीदा तरी अर्ज दिले होते. आता त्यांनी तक्त्याच्या समासात लाल पेनाने तीन आकडे लिहिले, खाली दोन रेघा मारल्या, आणि तो कागद अहवालांच्या खिडकीत न टाकता स्वतः घेऊन वर निघाल्या. आम्ही मागे. जिन्यात त्यांना मासोळीसाठी दोनदा थांबावं लागलं आणि दोन्ही वेळा त्यांनी घड्याळ पाहिलं.

उंच डॉक्टर दुसऱ्या रुग्णाला तपासत होते. बाईंनी दार उघडलं आणि कागद त्यांच्यासमोर धरला. त्यांनी पाहिला, म्हणाले, चिमटा खराब असेल. बाई म्हणाल्या, "तिन्ही? विश्वास नसेल तर तुम्हीच उभं करून मोजा."

त्यांनी मोजलं. आपल्या हाताने. आडवं, बसवून, उभं. तिसऱ्या आकड्यानंतर त्यांनी आपल्या खुर्चीत बसून मासोळीची फाईल पहिल्या पानापासून उघडली. एक्स-रे त्यांनी परत उजेडावर लावला आणि त्या गोल डागाकडे बराच वेळ पाहिलं. मग वळून त्यांनी एक असा प्रश्न विचारला की मला वाटलं, हा माणूस आता पार वाहवत चाललाय.

"तुमच्या नाकातून रक्त येतं का?"

मासोळी म्हणाली, "नेहमीएवढंच."

"नेहमीएवढं म्हणजे किती?"

"आठवड्यातून दोन-तीनदा. सगळ्यांना येतं तेवढं."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. "सगळ्यांना येत नाही," ते म्हणाले.

मासोळीने माझ्याकडे पाहिलं, मी तिच्याकडे. आमच्या घरात रुमाल गडद रंगाचेच आणतात. उशांचे अभ्रे गडद निळे. आईच्या नाकातून यायचं, तिच्या आईच्याही यायचं असं ऐकलंय. माझ्या येतं. वर्गात फळ्यावर समीकरण सोडवताना आलं तर मी एका हाताने नाक दाबते आणि दुसऱ्याने लिहीत राहते. मुलांना सवय आहे. चव्वेचाळीस वर्षांत मला एकदाही वाटलं नव्हतं की हा आजार असू शकतो. डॉक्टर उठून जवळ आले, मासोळीचे ओठ आणि बोटांची टोकं पाहिली. तिथे टाचणीच्या डोक्याएवढे लाल ठिपके होते. मग त्यांनी माझ्या ओठांकडे पाहिलं आणि परत जागेवर जाऊन बसले.

त्यांनी विचारलं, घरात कुणाला लहान वयात पक्षाघात, मेंदूचं काही? मी सांगितलं की आमचा मामा एकोणतिसाव्या वर्षी गेला, मेंदूत पू झाला होता. त्याआधी दात काढला होता का, असं डॉक्टरांनी विचारलं. काढला होता. दोन आठवडे आधी.

पुढच्या तपासण्या तीन दिवसांत झाल्या. ज्या रुग्णालयात तारखेसाठी तीन महिने जातात तिथे तीन दिवसांत होऊ शकतं, हेही मला तेव्हाच कळलं. हाताच्या शिरेत बुडबुडे मिसळलेलं सलाईन सोडलं आणि हृदयाच्या सोनोग्राफीत बघितलं. फुप्फुसांत अडकून विरायला हवेत ते बुडबुडे तीन-चार ठोक्यांत पलीकडे, हृदयाच्या डाव्या बाजूला निघून आले. मग स्कॅन. उजव्या फुप्फुसात खाली एक मोठी आणि एक लहान अशा दोन जागी रक्तवाहिन्या थेट एकमेकींना जोडल्या गेल्या होत्या. नाकातलं रक्त, ओठांवरचे लाल ठिपके आणि हे, सगळा रक्तवाहिन्यांचा एकच आजार निघाला.

त्या दिवशी मासोळीचा नवराही आला होता. डॉक्टर समजावून सांगत होते की फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांतून जाताना रक्त प्राणवायू घेतं, पण या ठिकाणी ते मधल्या मधे पलीकडे निसटतं. उभं राहिलं की रक्त खालच्या भागाकडे जास्त ओढलं जातं, म्हणजे जास्त निसटतं. आडवं झालं की वरच्या चांगल्या भागातूनही जातं. म्हणून आडवं झाल्यावर बरं.

"म्हणजे गॅस कॉइलमधून न फिरता थेट परत चाललाय," मासोळीचा नवरा म्हणाला. "मशीन चालू, पण फ्रिज थंड होत नाही."

डॉक्टर म्हणाले, अगदी तसंच. दोन वर्षांत फुप्फुसांबद्दलची एखादी गोष्ट एका झटक्यात कुणाला कळलेली मी पहिल्यांदाच पाहत होते. तो मात्र खाली बघत होता. तसाच तो बायकोला म्हणाला, "मी तुला आळशी समजत होतो." ती म्हणाली, "माहीत आहे." बस, एवढंच.

धोका दम लागण्यापेक्षा मोठा होता. त्या वाटेने एखादी गुठळी किंवा जंतू थेट मेंदूत जाऊ शकत होते. म्हणून लवकर बंद करायचं होतं. जांघेतल्या शिरेतून बारीक नळी फुप्फुसापर्यंत नेऊन तिथे तारेचं वेटोळं सोडायचं, म्हणजे ती वाट बुजते. हे काम दुसऱ्या विभागाचं, आणि तिथे परत आमच्या नाकी नऊ आले. संगणकात मासोळीच्या नावापुढे "दमा" लिहिलेलं होतं. दम्यासाठी ही प्रक्रिया होत नाही, म्हणून तिथल्या कारकुनाने कागद परत पाठवला. दुसऱ्यांदाही पाठवला. निदान बदलायचं तर ज्याने पहिलं निदान लिहिलं त्याने बदलायचं, आणि दमा पहिल्यांदा लिहिला होता गल्लीतल्या डॉक्टरांनी, आम्हाला इथे पाठवतानाच्या चिठ्ठीत. मी त्यांच्याकडे गेले. ते म्हणाले, दमाही असू शकतो की.

तिसऱ्यांदा कागद परत आला तेव्हा उंच डॉक्टर स्वतः खाली उतरले आणि खिडकीपुढच्या रांगेत उभे राहिले. चाळीस मिनिटं. मी त्यांच्या मागेच होते. नंबर आल्यावर कारकून मान वर न करता म्हणाला, रुग्णाला घेऊन या. डॉक्टरांचे कान लाल झालेले मला मागून दिसले. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं. त्यांनी मात्र आवाज चढवला नाही. तिथेच उभ्याने एक पान लिहिलं, सही केली, आणि कारकुनाने ते संगणकात चढवेपर्यंत खिडकी सोडली नाही. परत जाताना ते मला म्हणाले, "तुमची बहीण पहिल्याच दिवशी बरोबर सांगत होती. मी प्रश्न विचारत होतो, पण उत्तर मीच ठरवून ठेवलं होतं." मी म्हटलं, हो. आणखी काही म्हणायची माझी तयारी नव्हती.

वाट बुजवायला दीड तास लागला. मासोळी जागी होती. नळी फिरवणाऱ्या डॉक्टरने मध्ये विचारलं म्हणे, कसं वाटतंय, आणि ती म्हणाली, पोटावर झोपून पोहायला परवानगी केव्हा? दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या तंत्रज्ञ बाई वॉर्डात आल्या. कुणी बोलावलं नव्हतं. चिमटा बरोबर आणला होता. मासोळीला त्यांनी उभं केलं. शहाण्णव. "ठीक आहे," असं म्हणून त्या तोंडावरची आठीही न मोडता निघून गेल्या. मासोळी नंतर खिडकीपाशी दहा मिनिटं नुसती उभी राहिली. मी बस म्हटलं तर बसेना.

राहिली आई. हा आजार वारशाने येतो, आईकडून आलाय, आणि तिचीही तपासणी व्हायला हवी, हे मी तिला सांगितलं तेव्हा ती भडकली. तिच्या माहेरचं रक्त खराब म्हणायचं आहे का आम्हाला, असं तिने विचारलं. तीन आठवडे ती माझ्याशी धड बोलली नाही. मध्यंतरी माझी तपासणी झाली. माझ्या फुप्फुसातही तशी एक वाट सापडली, बारीक, सध्या नुसती लक्षात ठेवायची. हे कळल्यावर आई मुकाट्याने चपला घालून माझ्याबरोबर निघाली.

डॉक्टरांसमोर बसल्यावर तिने आपल्या नाकाबद्दल एक अक्षर काढलं नाही. तिने भावाबद्दल विचारलं. त्याला दातांच्या डॉक्टरकडे तीच घेऊन गेली होती. तो गेल्यावर तिने त्या माणसाला भर रस्त्यात, लोकांसमोर खुनी म्हटलं होतं, आणि तेहेतीस वर्षं ती त्या रस्त्याने गेली नव्हती. लांबच्या वळशाने बाजारात जायची. आम्हाला वाटायचं, तिला तो रस्ता आवडत नाही.

डॉक्टरांनी सावकाश सांगितलं की दात काढल्यावर थोडे जंतू प्रत्येकाच्याच रक्तात जातात आणि फुप्फुसं ते गाळून घेतात. तिच्या भावाच्या फुप्फुसात अशीच एखादी वाट असणार. खात्रीने आता कुणीच सांगू शकत नाही. पण त्या काळी हे ओळखणं दातांच्या डॉक्टरच्या हातातलं नव्हतं.

"म्हणजे त्याची चूक नव्हती," आई म्हणाली.

"नसावी."

"आणि माझी?"

"तुमची तर नव्हतीच," डॉक्टर म्हणाले.

बुडबुड्यांची तपासणी आईने लगेच करून घेतली.

पुढच्या रविवारी तिने मला त्या रस्त्याला घेऊन चल म्हटलं. दवाखान्याच्या जागी आता चष्म्यांचं दुकान होतं. डॉक्टर वरच्या मजल्यावर मुलाकडे राहत होते. नव्वदीला आलेले, कानाला यंत्र लावलेले. आईने उभ्यानेच बोलायला सुरुवात केली. भावाचं वय, महिना, कोणता दात, आपण काय काय बोललो, सगळं सांगितलं. मग म्हणाली की तुमची चूक नव्हती, ते सांगायला आले. म्हातारबुवांनी लक्षपूर्वक ऐकलं. पुन्हा पुन्हा तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग फार दिलगिरीच्या सुरात म्हणाले की त्यांना काही आठवत नाही. ना भाऊ, ना ती, ना रस्त्यातलं भांडण. आणि चहा घेणार का, असं विचारलं.

आईने चहा घेतला. घरी येताना ती इतक्या तरातरा चालत होती की मला गाठता येईना. कोपऱ्यावर थांबून ती माझ्यावरच खेकसली, "तेहेतीस वर्षं मी त्या माणसाला शिव्या घालतेय, अन् त्याला पत्ताच नाही."

मी म्हटलं, चांगलंच झालं की.

"तुला काय कळतंय," ती म्हणाली, आणि त्याच रस्त्याने सरळ पुढे बाजारात शिरली.